चेक : पटावरून पेढीवर

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या वसुलीचा हिशेब एका टेबलावर मांडला जात असे. टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वर ठेवलेलं काही घरंगळून पडू नये म्हणून चारही बाजूंना चार बोटं उंचीची कड. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि त्या कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरानं रेघा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणाला, एकेका परगण्याचा शेरीफ या टेबलासमोर येऊन बसे. शेरीफ म्हणजे राजाचा तिथला कारभारी आणि वसुलीचा धनी. त्याच्या समोर राजाचा खजिनदार. टेबलाच्या एका अंगाला बसलेला एक माणूस रेघांमधल्या रकान्यांत सोंगट्या मांडत जाई. त्याच्या उजव्या हाताचा पहिला रकाना पेन्सांचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. वरच्या ओळीत येणं, खालच्या ओळीत जमा. वरच्यातून खालचं उचललं की शेरीफकडे बाकी किती ते उघड.

एवढी उठाठेव करण्याला कारण होतं. तिथल्या दफ्तरात अजून रोमन अंक चालत. त्या अंकांत रक्कम लिहून ठेवता येते, पण त्यांना ना शून्य ना स्थानिक किंमत, त्यामुळे लिहून वजाबाकी करायला बसलं की घाम फुटतो. सोंगट्यांचं तसं नाही. ज्या रकान्यात सोंगटी बसली त्याचीच किंमत तिला. शिवाय पुष्कळ शेरीफांना लिहितावाचता येत नसे, सोंगट्या मात्र त्यांनाही मोजता येत. हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाल्यामुळे नंतर कुरकुर करायला जागा उरत नसे.

या टेबलाचं इतकं बारीक वर्णन आपल्याला मिळतं ते रिचर्ड फिट्झनील या दुसऱ्या हेन्रीच्या खजिनदारामुळे. त्यानं ११७७ च्या सुमारास या खात्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतो, या कचेरीला ‘स्काकारियम’ का म्हणतात? स्काकारियम म्हणजे बुद्धिबळाचा पट. गुरू सांगतो, एक तर हे टेबल तसं दिसतं. आणि दुसरं, पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते, बाकीचे सगळे पंच म्हणून बसलेले असतात. सरकारी खात्याच्या नावाचं इतकं प्रांजळ स्पष्टीकरण कुठल्याही खजिनदारानं नंतर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

स्काकारियमचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्किये’ झालं, तिथून इंग्रजीत आलं आणि पंडितांच्या हाती सापडलं. फ्रेंच शब्दातला सुरुवातीचा ‘एस’ हा लॅटिन ‘एक्स’चा झिजलेला अवतार असणार, असं समजून त्यांनी तो ‘सुधारला’ आणि शब्द झाला ‘एक्स्चेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ या पदवीनं ओळखला जातो. अक्षरशः अर्थ लावायचा तर, बुद्धिबळाच्या पटाचा चॅन्सेलर.

आपण बँकेत भरतो तो चेक इंग्रजीत लिहिताना शेवटी क्यू-यू-ई ही तीन अक्षरं येतात. ती अक्षरं या टेबलावरून आलेली आहेत. चेकचा अर्थ मात्र वेगळ्याच वाटेनं आला. त्यासाठी टेबल सोडून पटाकडे, आणि पटावरून त्याच्या जन्मगावी जायला हवं.

चतुरंग हा खेळ भारतात सहाव्या शतकाच्या आसपास रूढ झाला असावा. सातव्या शतकात बाणभट्टानं ‘हर्षचरिता’त त्याचा श्लेष केला आहे. हर्षाच्या राज्यात चतुरंगाची मांडणी दिसते ती फक्त अष्टापदांवर, असा त्याचा आशय. अष्टापद म्हणजे आठ बाय आठ घरांचा पट. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. हा खेळ इराणात गेला तेव्हा त्याचा ‘चत्रंग’ झाला, अरबांनी त्याचा ‘शत्रंज’ केला. इराणी खेळाडूंनी मात्र खेळात एक भर घातली जी पुढे सगळ्या जगानं उचलली. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की तसं मोठ्यानं सांगायचं. काय सांगायचं? ‘शाह!’ म्हणजे ‘राजा!’ महाराज, जरा सांभाळा, एवढाच त्या हाकेचा भाव.

हा ‘शाह’ शब्द फार जुना. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दारयवहु राजानं बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला त्यात तो स्वतःला ‘क्षायथिय’ म्हणवतो. तो झिजत झिजत शाह झाला. संस्कृतातले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे त्याच मुळाचे, सत्ता गाजवणं या अर्थाच्या धातूपासून आलेले. म्हणजे खेळ आपला, हाक इराणी आणि हाकेतला शब्द आपल्याच चुलत घराण्यातला.

मराठीनं ही हाक फारसीकडून थेट घेतली. पटावर शह बसतो, राजकारणात शह-काटशह चालतात, एका पुढाऱ्याला शह देण्यासाठी पक्ष दुसऱ्याला बळ देतो. इथे एक इशारा द्यायला हवा. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे फूस देणं, चिथावणं. ‘किसकी शह पर’ म्हणजे कोणाच्या जोरावर, कोणाच्या पाठिंब्यानं. मराठीत नेमकं उलट. हिंदी बातमी घाईघाईनं मराठीत उतरवताना एखाद्या मंत्र्यानं गुंडांना ‘शह दिला’ असं छापून येतं, आणि मराठी वाचकाला वाटतं, मंत्र्यानं चांगलंच काम केलं की!

‘मात’ही त्याच प्रवासातली. ‘शाह मात’चा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘राजा मेला’ असा दिलेला असतो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. फारसीत मात्र ‘मात’ म्हणजे गोंधळून गेलेला, निरुपाय झालेला. मला हा दुसरा अर्थ पटतो. बुद्धिबळात राजाला कधी मारतच नाहीत. त्याला हलायला सुरक्षित घर उरलं नाही की डाव संपतो. मेलेला राजा पटावर दिसत नाही, अडकलेला दिसतो.

अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि इटलीच्या वाटेनं युरोपात शिरला आणि तिथे त्याच्या नावाची वाटणी झाली. स्पॅनिश लोकांनी खेळाचं नाव घेतलं. त्यांचा ‘आखेद्रेस’ हा शत्रंजमधून आलेला चतुरंगच. इतरांनी खेळातली हाक घेतली. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काकी’, फ्रेंच ‘एशेक’ हे सगळे शाहचे वंशज. रशियनांनी तर हाक आणि निकाल एकत्र करून ‘शाखमाती’ असं नाव ठेवलं. शाहच्या शेवटचा ह लॅटिन कानांना क ऐकू आला आणि तिथून ‘स्काकस’ झाला. फ्रेंचांना स आणि क एकत्र सुरू करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी पुढे एक स्वर लावला. आपल्याकडे उत्तरेत स्कूलचं ‘इस्कूल’ होतं तसाच हा प्रकार. इंग्रजांनी तो स्वर गाळला आणि हातात राहिलं ‘चेक’. खेळाला ते ‘चेस’ म्हणू लागले, आणि ते तर मुळात चेकचंच फ्रेंच अनेकवचन. इंग्रज मुलगा ‘चेस खेळू या’ म्हणतो तेव्हा तो ‘राजे राजे खेळू या’ असं म्हणत असतो.

इंग्रजीत चेक हा शब्द १३०० च्या सुमारास दिसू लागतो, तो पटावरच. त्या शतकाच्या उत्तरार्धात जेफ्री चॉसरच्या ‘द बुक ऑफ द डचेस’मध्ये काळ्या वेषातला एक सरदार आपलं दुःख सांगतो ते बुद्धिबळाच्या भाषेत. दैवाशी डाव मांडला आणि आपली राणी गेली. राणीसाठी चॉसरनं वापरलेला शब्द आहे ‘फेर्स’. हा फारसी ‘फर्झीन’, म्हणजे आपला वजीर. तोवर युरोपात वजिराची राणी झाली होती, पण नाव जुनंच चालू होतं. पत्नीच्या विरहानं खचलेला तो सरदार आपण वजिरासाठी रडतोय हे जाणत असेल का, देव जाणे.

पटावरची हाक पटाबाहेर पडली आणि तिचा अर्थ पसरू लागला. राजाला शह बसला की खेळाडूच्या मनातले सगळे बेत बाजूला राहतात. घोडा पुढे न्यायचा होता, प्यादं ढकलायचं होतं, ते सगळं थांबवून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अचानक बसलेली खीळ. मग लगाम, आळा, चाप. इंग्रजीत राग, घोडा, रोगाची साथ, खर्च, सगळ्याला चेकमध्ये ठेवतात. मराठी इथे दर वेळी वेगळा शब्द काढते. रागाला आवर घालतो, घोड्याला लगाम, खर्चाला आळा, भ्रष्टाचाराला पायबंद, साथ आटोक्यात आणतो आणि पोरांवर वचक ठेवतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची वकिली करताना जेम्स मॅडिसननं १७८८ मध्ये संसद, अध्यक्ष आणि न्यायालय यांनी एकमेकांना आवरून धरावं अशी मांडणी केली. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ या शब्दप्रयोगातला चेक तो हाच. आपण त्याचं ‘नियंत्रण आणि समतोल’ असं करतो. भाषांतर बरोबर आहे, पण त्यात तीन खेळाडू एकमेकांच्या राजावर नजर ठेवून बसलेत हे चित्र हरवतं. ‘शह आणि समतोल’ म्हटलं असतं तर मूळ शब्दच परत मिळाला असता.

थांबवणं यापासून तपासणं हा अर्थ कसा निघाला? हे कोडं सुटतं हिशेबाच्या खोलीत. कारकुनानं रक्कम खाल्ली तर त्याला अडवायचं कसं? त्याच व्यवहाराची दुसरी नोंद दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायची. ती दुसरी नोंद हा कारकुनावरचा चेक. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून पाहिल्या की चोरी उघडी पडते. हळूहळू अडवण्याचं साधन सोडून त्या समोरासमोर ठेवून पाहण्याच्या क्रियेलाच चेक म्हणू लागले. गंमत अशी की ‘कंट्रोल’ हा शब्द याच रस्त्यानं, पण उलट दिशेनं आला. तो मुळात ‘काँत्र-रोल’, म्हणजे ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही. वहीवरून तो सत्तेकडे गेला. चेक सत्तेकडून वहीकडे आला.

दुसरी नोंद ठेवण्याची जुनी इंग्रजी तऱ्हा बघण्यासारखी होती, आणि ती त्याच रेघांच्या टेबलाशेजारी चालायची. हेझलच्या लाकडाची काठी घ्यायची आणि तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीएवढी, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची म्हणजे खाचा दोन्ही तुकड्यांवर येतात. एक तुकडा पैसे भरणाऱ्याला, दुसरा खजिन्यात. पुढे वाद निघाला तर दोन्ही तुकडे जोडून बघायचे. लाकडाच्या शिरा खोटं बोलत नाहीत, आणि एका तुकड्यावर नंतर पाडलेली खाच दुसऱ्यावर उमटत नाही. ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती! कागद, शाई, छापखाना, बँक सगळं आलं तरी ब्रिटिश सरकार काठ्या चिरत होतं. शेवटी त्या बंद झाल्या तेव्हा गाडीभर काठ्यांचं करायचं काय असा प्रश्न पडला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घालून जाळायला घेतल्या. भट्ट्या नको इतक्या तापल्या आणि संध्याकाळी पार्लमेंटची जुनी इमारत पेटली. टेम्सच्या काठावर आज जी प्रसिद्ध इमारत दिसते ती त्यानंतर बांधलेली.

काठीच्या जागी कागद आला, पण युक्ती तीच राहिली. पैसे देण्याच्या हुकुमाचा कागद फाडून द्यायचा आणि त्याचा जोडतुकडा, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो तो, जवळ ठेवायचा. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत चेक म्हणत ते या जवळ ठेवलेल्या तुकड्याला, कारण खोटेपणाला आळा घालणारा तोच. फाडून दिलेल्या कागदाला तेव्हा वेगळी नावं होती. हाती लिहिलेले असे हुकूम त्याआधीपासून चालत असत. १६५९ सालचा, लंडनच्या एका पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा हुकूम आजही जपलेला आहे. बँक ऑफ इंग्लंडनं १७१७ मध्ये छापील फॉर्म काढला. तो घेण्यासाठी गिऱ्हाइकाला स्वतः जाऊन रोखपालाकडून क्रमांक घातलेला कागद आणावा लागे. शतक सरता सरता नाव एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकलं. ज्याच्यापाशी पहारा होता तो तुकडा बिननावाचा राहिला आणि बाहेर पडणारा तुकडा चेक झाला.

मग स्पेलिंगचा घोळ. अमेरिकेत आजही बँकेचा चेक सी-एच-ई-सी-के असाच लिहितात, आणि इतिहासाच्या दृष्टीनं तेच सरळ आहे. ब्रिटनमध्ये १८२० च्या दशकात क्यू-यू-ई वालं रूप पुढे आलं. बँकिंगवर लिहिणाऱ्या जेम्स विल्यम गिल्बर्टनं ते मुद्दाम स्वीकारलं. त्याचं म्हणणं असं की यानं इतर चेकशी गल्लत होत नाही आणि एक्स्चेकरशी मेळही बसतो. अशा रीतीनं पटाच्या कापडावरून आलेली अक्षरं राजाच्या हाकेतून आलेल्या अर्थावर चढवली गेली. आपण इंग्रजांचे विद्यार्थी, म्हणून आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग आलं आणि प्रत्येक पिढीतल्या पोरांनी ते चुकवून मार खाल्ला.

चेकच्या जन्माची आणखी एक कथा सांगितली जाते आणि ती खूप लाडकी आहे. अरब व्यापारी ‘सक्क’ नावाची लेखी हमी वापरत. हा शब्द फारसी ‘चक’वरून आलेला. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशानं सहाराच्या दक्षिण काठावरच्या औदाघोस्त गावात ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. तेव्हा इंग्रजी चेक हा सक्कच, असं पुष्कळजण ठामपणे सांगतात. व्यवहार म्हणून सक्क चेकचा पूर्वज शोभतो यात शंका नाही. शब्दाचं मात्र तसं नाही. चेक हा शब्द जोडतुकड्यापासून हुकमाच्या कागदापर्यंत कसा सरकला याची पावलं इंग्रजीच्या घरातच दिसतात. नुसत्या नादसाम्यावर नातं जोडायचं तर मग जगात कोणाचंही कोणाशीही लग्न लावता येईल.

चेक भारतात आला तेव्हा इथली पेढी रिकामी नव्हती. हुंडी होती, सराफ होते, आणि हुंडीचे पैसे मिळण्याला ‘हुंडी वटणं’ म्हणत. चेक आला, हुंडी मागे पडली, क्रियापद तेवढं चेकला मिळालं. आजही चेक वटतो किंवा वटत नाही. बोलताना आपण तो ‘फाडतो’ही, आणि फाडलेला चेक चालतो ही गोष्ट मराठी न येणाऱ्याला समजावून सांगणं कठीण. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनं त्याची व्याख्या केली. न वटणाऱ्या चेकला फौजदारी गुन्ह्याचं कलम १३८ लागू झालं ते १ एप्रिल १९८९ पासून. आज त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेकची मुदत पूर्वी सहा महिने असे, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली. जुन्या वहीत सापडलेला चेक घेऊन बँकेत धावणाऱ्यांनी तारीख आधी बघावी. आणि आडव्या दोन रेघा मारलेल्या चेकला आपण ‘क्रॉस चेक’ म्हणतो, इंग्रजीत त्याच दोन शब्दांचा अर्थ दुसऱ्या बाजूनं ताडून पाहणं असा होतो. परदेशी साहेबाला ‘क्रॉस चेक पाठवतो’ म्हणून सांगितलं तर तो पैशांऐवजी चौकशीची वाट बघत बसेल.

कायद्याच्या मराठीनं चेकला ‘धनादेश’ केलं. या शब्दाची चेष्टा होते, पण तो काटेकोर आहे. चेक म्हणजे बँकेला दिलेला, मागताक्षणी पैसे देण्याचा हुकूम, आणि धनादेश नेमकं तेच सांगतो. इंग्रजी नावात त्या कागदाच्या कामाविषयी अवाक्षर नाही. ‘धनादेश न वटल्याप्रकरणी गुन्हा’ हे शब्द वर्तमानपत्रात रोज वाचून कानाला सवयही झाली आहे. बँकेच्या खिडकीशी मात्र कोणी ‘धनादेश घ्या’ म्हणत नाही, आणि म्हणणार नाही.

पटाची दुसरी शाखा कापडात गेली. चौकड्यांचं कापड म्हणजे चेक्स, मग तो शर्ट असो वा टेबलावरचं कापड. आता एक मौज. आपला जुना अष्टापद दोन रंगांचा नव्हताच. रेघांनी पाडलेली चौसष्ट घरं, सगळी एकाच रंगाची, आणि अरबांचा पटही तसाच. काळी-पांढरी घरं आली ती युरोपात, साधारण इसवी सन १००० च्या सुमारास, आणि तो नमुना सगळीकडे पसरला. म्हणून चेक्सच्या शर्टाचं नातं चतुरंगाशी सांगताना जरा जपून. पट आपला असला तरी चौकडीचा रंग आपला नाही. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकणारं निशाण याच घराण्यातलं, आणि ब्रिटिश पोलिसांच्या टोपीभोवतीची चौकड्यांची पट्टीही. ती ग्लासगोचा पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यानं १९३२ मध्ये आणली. अमेरिकेचा रिचर्ड निक्सन सप्टेंबर १९५२ मध्ये देणग्यांच्या आरोपातून सुटला तो ‘चेकर्स’ नावाच्या कुत्र्यामुळे. टीव्हीवरच्या भाषणात त्यानं सांगितलं की भेटींपैकी हा कुत्रा मात्र आपण परत करणार नाही. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं कुत्रं, म्हणून ते नाव. त्या भाषणानं त्याची उपाध्यक्षपदाची उमेदवारी वाचली.

अमेरिकेत जोडतुकडा आणखी भटकला. रेल्वेत सामान सोपवलं की पितळी बिल्ला मिळे, तो चेक. विमानतळावरचं ‘चेक-इन’चं सामान या बिल्ल्याचं पोर. बॅगेला एक पट्टी बांधतात आणि तिचा तुकडा आपल्या हाती देतात, चिरलेल्या काठीसारखा. पावसानं बेसबॉलचा सामना बुडाला तर पुन्हा येण्यासाठी तिकिटाचा तुकडा देत, तो ‘रेन चेक’. आज अमेरिकन माणूस जेवणाचं आमंत्रण टाळतानाही रेन चेक मागतो. आणि जेवायला गेलाच तर शेवटी चेक मागतो, म्हणजे बिल. फॉर्मवरची बरोबरची खूणही त्याच्या लेखी चेक.

आपल्याकडे हा शब्द रस्त्यावर उतरला. लोकलमध्ये ‘चेकिंग आलंय’ म्हटल्यावर डब्यात पसरणारी शांतता सगळ्यांच्या ओळखीची आहे. मुंबई आणि ठाण्याच्या वेशीवर ‘मुलुंड चेकनाका’ आहे. अर्धा शब्द इराणातून लंडनमार्गे आलेला, अर्धा इथलाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. ट्रकांच्या रांगा गेल्या, चेकनाका हे नाव राहिलं आणि रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. घरात तर आपण गॅस चेक करतो, मेसेज चेक करतो, मीठ चेक करतो. मिठाला ‘चाखून बघ’ होतं, ते गेलं याचं मात्र वाईट वाटतं.

चेकचा सर्वांत नवा वंशज डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या क्रमांकांच्या शेवटी एक जादा अंक लावतात, ‘चेक डिजिट’ किंवा शाळेतल्या गणिताचा शब्द वापरायचा तर पडताळ्याचा अंक. क्रेडिट कार्डावर तो असतो, त्याची रीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यानं १९५० च्या दशकात शोधली. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक असाच, तो डच गणिती याकोबस व्हरहूफ याच्या रीतीनं ठरतो. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकातला तेरावा अंक सर्वांत सोपा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक जसेच्या तसे घ्यायचे, उरलेल्यांना तीननं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. शेवटचा अंक असा निवडलेला असतो की बेरजेच्या एककस्थानी शून्य यावं. ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घ्या. जसेच्या तसे घ्यायचे अंक ९, ८, ३, ६, ०, १, ७, त्यांची बेरीज ३४. उरलेले ७, ०, ०, ४, ६, ५, त्यांची बेरीज २२, तिप्पट ६६. एकूण १००. एखादा अंक चुकीचा पडला तर शून्य येत नाही आणि दुकानातलं यंत्र तो क्रमांक नाकारतं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर तीही बहुतेक वेळा पकडली जाते. फक्त त्या दोन अंकांत पाचचा फरक असला, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर हा पहारेकरी झोपतो. आधारची रीत तेवढंही सोडत नाही.

कपाटातलं कुठलंही अलीकडचं पुस्तक काढा, मलपृष्ठावरचे तेरा अंक कागदावर उतरवा आणि बेरीज करून बघा. शून्य आलं नाही, तर प्रकाशकाला पत्र लिहिण्याआधी बेरीज एकदा चेक करा.